ट्रेलरवर जादा बॅटऱ्या: वायरिंग आणि चार्जिंग नीट कसं करायचं

सकाळी ट्रेलर गोदामाला लागतो. पहिल्या दहा-बारा खेपांना टेल-लिफ्ट (माल चढवा-उतरवायचा मागचा फळा) झोकात वर येते, दुपारी रांगायला लागते आणि संध्याकाळी माल घेऊन अर्ध्यातच थांबते. मालक वैतागून मोठी बॅटरी घालतो. चार महिन्यांत पुन्हा तेच. अशा ट्रेलरखाली वाकून पाहिलं तर बहुतेक वेळा घोड्यापासून (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीपासून) शेपटापर्यंत ओढलेली एक बारीक वायर दिसते. निगेटिव्हची वायर तर नसतेच, तो भार चासीवर सोडलेला असतो. बॅटरी पुरेशी मोठी असते, पण ती कधी पूर्ण भरलेलीच नसते.

म्हणून आधी चार्जिंगचा मार्ग नीट करा, बॅटरीचा आकार नंतर पाहा. इथे धरलेलं उदाहरण असं: ४० फुटी बंद बॉडीचा ट्रेलर, मागे दीड टनाची टेल-लिफ्ट, पुढे २४ व्होल्टचा घोडा, आणि ट्रेलरवर १२ व्होल्ट १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडून मिळून २४ व्होल्ट. तुमच्याकडे टेल-लिफ्टऐवजी हायड्रॉलिक रॅम्प किंवा बॉडीतले दिवे असतील तर आकडे बदलतील, पद्धत हीच राहील.

एक गोष्ट आधीच सांगतो. पेट्रोल-डिझेल किंवा गॅसच्या टँकरवर यातलं काहीही स्वतः करू नका. त्यांच्या वायरिंगचे नियम वेगळे आहेत आणि परवानगी पेसोकडून, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेकडून लागते, जिचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे.

१. आधी हिशोब करा

डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लिफ्टच्या मोटरच्या पॉझिटिव्ह केबलवर लावा आणि नेहमीचा माल ठेवून लिफ्ट चालवा. साधा एसी क्लॅम्प इथे शून्य दाखवेल, त्यामुळे मीटर घेताना त्यावर डीसी अँपिअर लिहिलंय का ते पाहा.

समजा चढताना ११० अँपिअर दिसले आणि वर यायला १५ सेकंद लागले. फळा मिटताना आणखी १० सेकंद. उतरताना लिफ्ट स्वतःच्या वजनाने येते, तेव्हा फक्त व्हॉल्व्हपुरता किरकोळ करंट जातो, तो सोडून द्या. म्हणजे एका खेपेला २५ सेकंद गुणिले ११० अँपिअर, भागिले ३,६००, साधारण ०.७६ एएच. दिवसाला ४० खेपा असतील तर ३० एएच.

१०० एएचच्या बॅटरीतून ३० एएच काढणं ठीक आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली नेऊ नये, तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. शिवाय १०० एएच हा छापील आकडा २० तासांत हळूहळू रिकामी करून मोजलेला असतो. ११० अँपिअरने ओढल्यावर तेवढं हाती लागत नाही. म्हणून हिशोबात ३० आले की ५० एएचची बॅटरी चालेल असं समजू नका.

आता परतीचा हिशोब, जो फार थोडे लोक करतात. काढलेल्यापेक्षा १५ ते २० टक्के जास्त परत घालावं लागतं, म्हणजे ३५ एएच. २० अँपिअरने कागदावर पावणेदोन तास होतात. पण शेवटचा भाग बॅटरी हळूहळू घेते, त्यामुळे इंजिन तीन-साडेतीन तास चालायला हवं. भिवंडीहून नाशिकला जाणाऱ्या गाडीला तेवढा वेळ मिळतो. चाकणमध्येच एका कारखान्यातून दुसऱ्यात वीस मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्या ट्रेलरला तो कधीच मिळत नाही. अशा ट्रेलरला रात्री गोदामात विजेवर चार्ज करण्याची सोय करावीच लागते.

२. सामान आणि कागद

सामान:

- एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या दोन १२ व्होल्ट १०० एएच बॅटऱ्या
- २४ ते २४ व्होल्ट डीसी-डीसी चार्जर, १५ ते २० अँपिअर, बॅटरीचं तापमान पाहणारा सेन्सर असलेला
- २४ व्होल्टचा ७० अँपिअर रिले (छोट्या सिग्नलवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच)
- १० स्क्वेअर एमएमची लवचीक तांब्याची केबल, लाल आणि काळी, प्रत्येकी साधारण २० मीटर
- ३५ स्क्वेअर एमएमची केबल, बॅटरीपासून लिफ्टच्या मोटरपर्यंत, दोन्ही रंगांत
- ४० अँपिअरचे दोन फ्यूज होल्डरसह, आणि मोटरसाठी मोठा फ्यूज
- हाताने फिरवायचा बॅटरी कट-ऑफ स्विच, ३०० अँपिअरचा
- दोन पिनांचा जड कनेक्टर, झाकण आणि लटकवायच्या खुंटीसह
- तांब्याचे टिनप्लेट केलेले लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचे), गोंद असलेली हीट-श्रिंक, ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी), फ्लेक्झिबल पाइप, क्लिपा

हत्यारं: हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल, मल्टिमीटर, डीसी क्लॅम्प मीटर, हायड्रोमीटर, चष्मा, रबरी हातमोजे, आणि इन्शुलेशन टेप गुंडाळलेले पाने.

कागद: घोड्याच्या कंपनीचं बॉडी बांधणाऱ्यांसाठीचं पुस्तक (जादा करंट कुठून घ्यायचा ते त्यात दिलेलं असतं, आणि भलतीकडून घेतला तर गाडीची वॉरंटी अडचणीत येते), लिफ्टचं पुस्तक, चार्जरचं पुस्तक, बॅटरीचं वॉरंटी कार्ड. आणि तुम्ही स्वतः काढलेला वायरिंगचा नकाशा. तो लॅमिनेट करून बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या वायरमनला तोच उपयोगी पडतो.

केबल घेताना टोक ब्लेडने खरवडून पाहा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. वरून तांबूस, खरवडल्यावर आतून पांढरी. हातात घेतल्यावरही ती हलकी लागते. तिची रोधकता जास्त, आणि क्रिंप केलेला लग कंपनांनी सैल होतो. ती घेऊ नका. इथे वाचवलेले पैसे नंतर जळलेल्या टोकाच्या रूपाने भरावे लागतात.

३. बॅटरी कोणती घ्यायची

लिफ्टला दोन गोष्टी लागतात: थोडा वेळ भरपूर करंट, आणि रोज बऱ्यापैकी रिकामी होणं सोसणं. ट्रकची सेल्फ मारायची बॅटरी पहिलं काम छान करते, पण रोज खोल उतरवली की तिच्या पातळ प्लेटा लवकर संपतात. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी उलट आहे. ती खोल उतरणं सोसते, पण एकदम ११० अँपिअर मागितले की व्होल्टेज बसतं, आणि चासीवरची आदळआपट तिच्यासाठी बनवलेलीच नाही. स्वस्त म्हणून ई-रिक्षाची बॅटरी बसवणारेही आहेत, तीही या कामाची नाही. दोन्ही कामांसाठी बनलेली, सीलबंद एजीएम प्रकारची (अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेली) बॅटरी इथे सगळ्यात योग्य. पाणी घालायची बॅटरीही चालते, पण मग देखभाल करणारा माणूस ठरलेला हवा.

लिथियम बॅटरी बसवायची असेल तर चार्जर, फ्यूज आणि तिचं संरक्षक सर्किट हे सगळं त्याच कंपनीच्या सांगण्याप्रमाणे घ्या. लेड-अ‍ॅसिडच्या जागी नुसती उचलून ठेवायची ती वस्तू नाही.

नव्या बॅटरीला जुनी जोडू नका. सिरीजमध्ये दोघींतून एकच करंट जातो. जी दमलेली आहे ती आधी रिकामी होते, चार्जिंगला आधी भरल्यासारखी दाखवते, आणि दुसरी कायम अर्धपोटी राहते.

४. पेटी आणि जागा

पेटी लिफ्टच्या जवळ, मागच्या बाजूला ठेवा. ११० अँपिअर ३ मीटर अंतरावर न्यायचे तर ३५ स्क्वेअर एमएमच्या केबलमध्ये जाऊन-येऊन साधारण ०.३ व्होल्ट पडतात. तीच पेटी पुढे किंगपिनजवळ (ट्रेलर घोड्याला अडकतो त्या खिळीजवळ), १२ मीटरवर ठेवली तर १.३ व्होल्ट पडतात. चार्जिंगचा २५ अँपिअर लांबून आणता येतो, मोटरचा करंट जवळूनच द्यावा.

टायरच्या फवाऱ्यात आणि धुराड्याजवळ पेटी नको. एक बॅटरी २५ ते ३० किलोची असते. खालून पत्रा आणि वरून पट्टी, दोन्हीकडून आवळून बसवा. बॅटरी हाताने हलली तर खड्ड्यात ती नक्की हलणार. तळाला रबरी मॅट, कोपऱ्यांत पाणी जायला १२ मि.मी.ची चार भोकं, आणि वरच्या बाजूला हवेची जाळी. चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते. तो हलका असतो, वर साठतो, आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने भडकतो. याच कारणासाठी चार्जर आणि कट-ऑफ स्विच पेटीच्या आत ठेवू नका. पेटीला लागून वेगळा कप्पा करा.

चासीला पेटीसाठी वेल्डिंग करायचं असेल तर ते बॅटऱ्या येण्याआधी उरका. वेल्डिंगच्या वेळी घोडा सोडवलेला असावा आणि ट्रेलरच्या एबीएसच्या (चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेच्या) ईसीयूचा, म्हणजे कॉम्प्युटरचा, प्लग काढलेला असावा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना भोकं किंवा वेल्ड करू नका, उभ्या पत्र्याला बोल्टने ब्रॅकेट लावा.

५. घोड्याकडून करंट कुठून घ्यायचा

इथेच सगळ्यात जास्त जुगाड होतात.

नेहमीचा सात पिनांचा २४ व्होल्टचा सॉकेट दिव्यांसाठी आहे. त्यात एक नंबरची पिन सगळ्यांची मिळून निगेटिव्ह, बाकीच्या टेल लॅम्प, इंडिकेटर, ब्रेक वगैरेंच्या. त्यात कायम चालू पॉझिटिव्ह नसतोच. काही जण टेल लॅम्पच्या वायरवर बॅटरी चार्ज करतात, म्हणजे दिवसा गाडी चालवतानाही दिवे लावून ठेवायचे. ती वायर दिव्यापुरती असते. रिकामी बॅटरी तिच्यातून करंट ओढते, फ्यूज जातो, आणि रात्री घाटात ट्रेलरचे मागचे दिवे बंद पडतात.

दुसरा जुगाड याहून वाईट. एबीएसच्या केबलमध्ये जाड पॉझिटिव्ह-निगेटिव्ह असतात हे पाहून तिथून टॅप मारला जातो. एबीएसच्या केबलला हात लावू नका. तिथलं व्होल्टेज बसलं तर ब्रेकचा कॉम्प्युटर बंद पडतो, आणि ते कळतं ते ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर.

चार्जिंगसाठी स्वतंत्र दोन पिनांचा कनेक्टर लावा. जड करंटच्या कनेक्टरांत घराचा (बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खोक्याचा) रंग व्होल्टेजप्रमाणे ठरलेला असतो आणि वेगळ्या रंगाचे एकमेकांत बसत नाहीत. २४ व्होल्टसाठी लाल. वायरमन दुकानात जे मिळेल ते उचलून आणतो, त्याला रंग आधीच सांगून ठेवा. ट्रेलर सोडल्यावर घोड्याकडचं टोक लोंबकळत राहू नये म्हणून केबिनच्या मागे त्याला खुंटी द्या, तोंड खाली करून.

घोड्याच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून आधी फ्यूज, मग ७० अँपिअरचा रिले, मग कनेक्टर. रिले फक्त इंजिन चालू असतानाच लागला पाहिजे. त्यासाठी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) चार्ज करतोय हे सांगणारा सिग्नल घ्या. बऱ्याच गाड्यांत बॉडी बांधणाऱ्यांसाठी तो टर्मिनलवर काढून दिलेला असतो. नुसत्या चावीच्या सिग्नलवर रिले लावला तर ड्रायव्हर चावी चालू ठेवून झोपतो आणि सकाळी घोडाच सेल्फ घेत नाही. रिले असल्यामुळे इंजिन बंद असताना कनेक्टरच्या पिनांत करंट नसतो, हा मोठा फायदा.

घोड्याच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असेल तर तुमची निगेटिव्ह केबल त्या टर्मिनलला थेट लावू नका. सेन्सरच्या पलीकडे, चासीच्या ठरलेल्या अर्थ बोल्टला लावा. नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला बॅटरीचा हिशोब चुकीचा मिळतो.

६. केबल किती जाड

घोड्याच्या बॅटरीपासून कनेक्टर ४ मीटर, वळणारी गुंडाळी केबल सरळ केल्यावर ४ मीटर, पुढे ट्रेलरच्या चासीतून ९ मीटर. एकूण १७. करंट जातो आणि परत येतो, म्हणून ३४ मीटर धरायचे. हे दुप्पट करायला लोक विसरतात आणि निम्मी केबल घालतात.

२५ अँपिअरला ३४ मीटरमध्ये पडणारं व्होल्टेज असं:

- ६ स्क्वेअर एमएम: २.५ व्होल्ट
- १० स्क्वेअर एमएम: १.५ व्होल्ट
- १६ स्क्वेअर एमएम: ०.९ व्होल्ट
- २५ स्क्वेअर एमएम: ०.६ व्होल्ट

अल्टरनेटर साधारण २८ व्होल्ट देतो. ६ स्क्वेअर एमएममधून ट्रेलरच्या बॅटरीपाशी २५.५ पोचले, आणि पूर्ण भरायला तर २८.८ च्या आसपास लागतात. करंट कमी झाला की पडही कमी होते, पण तोवर गाडी पोचलेली असते. महिनोन्‌महिने ६०-७० टक्क्यांवर राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती चार्जच घेत नाही. चार महिन्यांत बॅटरी मेली म्हणतात त्याचं कारण हे.

डीसी-डीसी चार्जर घातला तर १० स्क्वेअर एमएम पुरते. आलेलं २६.५ व्होल्ट तो स्वतः वाढवून २८.८ करतो. वर तो करंटला मर्यादा घालतो. थेट केबल असती तर रिकामी बॅटरी पहिल्या काही मिनिटांत ६०-८० अँपिअर ओढू पाहते आणि कनेक्टर तापतो.

केबल चासीच्या आतल्या बाजूने, फ्लेक्झिबल पाइपमध्ये न्या. दर ४०-४५ से.मी.वर क्लिप, प्रत्येक भोकात ग्रोमेट. हवेच्या ब्रेकच्या पाइपाला केबल टायने बांधू नका. इन्शुलेशन घासून शॉर्ट झालं तर पहिला तोच पाइप वितळतो.

७. निगेटिव्ह चासीवर सोडू नका

घोड्याची चासी आणि ट्रेलरची चासी यांच्यामध्ये फिफ्थ व्हील (घोड्यावरची, किंगपिन पकडणारी तबकडी) आणि किंगपिन आहेत, आणि त्यांच्यावर ग्रीसचा थर. करंटला तो नीट रस्ता देत नाही. मग करंट दुसरा रस्ता शोधतो: सात पिनांच्या सॉकेटची एक नंबरची पांढरी वायर, किंवा एबीएसचं निगेटिव्ह. लक्षणं ओळखीची आहेत. चार्जिंग चालू झालं की मागचे दिवे मंद होतात, डावा इंडिकेटर दिला की ब्रेक लाइटही मिणमिणतो, एबीएसचा दिवा उगाच लागतो, आणि सात पिनांच्या प्लगला हात लावला तर तो गरम लागतो. प्लग उघडला की एक नंबरच्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं दिसतं.

लाल केबल जितकी जाड तितकीच काळी, बॅटरीपासून बॅटरीपर्यंत (वर सांगितलेला सेन्सर असेल तर घोड्याकडे त्या अर्थ बोल्टपर्यंत). यात तडजोड नाही.

८. फ्यूज दोन्ही टोकांना

घरात वीज एकाच बाजूने येते, म्हणून एका बाजूला फ्यूज पुरतो. इथे केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठे केबल चासीला घासली तर घोड्याकडूनही करंट येईल आणि ट्रेलरकडूनही. घोड्याकडचा फ्यूज उडाला तरी ट्रेलरची बॅटरी केबल जाळत राहते. १०० एएचची चांगली बॅटरी शॉर्टमध्ये हजार अँपिअरच्या वर सोडते. त्या करंटपुढे १० स्क्वेअर एमएमची केबल काही सेकंदांत लाल होते, आणि वर लाकडी फळ्यांचा प्लॅटफॉर्म व पुठ्ठ्यांचा माल असतो.

म्हणून ४० अँपिअरचा एक फ्यूज घोड्याच्या बॅटरीपाशी, एक ट्रेलरच्या बॅटरीपाशी. दोन्ही पॉझिटिव्ह टर्मिनलपासून एका वितीच्या आत. फ्यूज केबल वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे तो उडतोय म्हणून मोठा घालू नका, का उडतोय ते शोधा. काचेचे फ्यूज नकोत. बोल्टने बसणारे, ३२ व्होल्ट किंवा जास्त छापलेले घ्या. १२ व्होल्टच्या कारचे होल्डर या कंपनांत सैल होतात.

लिफ्टच्या मोटरला स्वतंत्र फ्यूज, लिफ्टच्या पुस्तकात दिलेला. या मापाच्या मोटरला तो साधारण १५० ते २०० अँपिअरचा असतो. त्याच्यानंतर कट-ऑफ स्विच, आणि तो लिफ्ट चालवणाऱ्याच्या हाताशी. याचं कारण पुढे बिघाडांत येतं.

९. जोडणीचा क्रम

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. चष्मा लावा. सगळे फ्यूज बाहेर.

१. घोड्याच्या बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना चासीला टेकला तर तिथेच शॉर्ट होतं. निगेटिव्ह सुटलेलं असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही.

२. केबल टाकून घ्या, लग क्रिंप करा. लग हातोडीने ठोकू नका आणि झाळूही नका. झाळ तारेत वर चढते, तेवढा भाग कडक होतो आणि कंपनांनी नेमका तिथेच तुटतो. क्रिंप केल्यावर केबल हाताने जोर लावून ओढा. सुटली तर पुन्हा करा. वर गोंदाची हीट-श्रिंक.

३. ट्रेलरच्या दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. भरलेली बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते. दोघींत ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर आधी प्रत्येक वेगळी १२ व्होल्टच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या.

४. पहिलीचं पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला जोडा. मोकळ्या दोन टोकांवर मीटर लावा, २५.४ च्या आसपास यायला हवं. शून्य किंवा १२ आलं तर थांबा, जोड चुकलाय.

५. चार्जर बॅटरीशी, मग चार्जर कनेक्टरशी जोडा. तापमानाचा सेन्सर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावा.

६. कनेक्टर जोडण्याआधी दोन्ही बाजूंची ध्रुवता मीटरने तपासा. लाल घरात लाल केबल दिसते एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

७. पॉझिटिव्ह टर्मिनल, मग निगेटिव्ह, सगळ्यात शेवटी फ्यूज. टर्मिनलांवर रबरी टोप्या.

चार्जरची सेटिंग बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे ठेवा. २५ अंशांना २४ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड संचाला भरताना साधारण २८.८ आणि भरल्यावर टिकवायला २७.२ लागतात. बॅटरीवर छापलेला आकडा वेगळा असेल तर तोच धरा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ला जातो, तेव्हा दर अंशामागे सुमारे ०.०५ व्होल्ट कमी करावे लागतात, म्हणजे २८.८ चे २७.८ होतात. सेन्सर असेल तर चार्जर हे स्वतः करतो. नसेल तर उन्हाळ्यात बॅटरी उकळते आणि सीलबंद बॅटरी फुगते.

१०. तपासणी, गाडी सोडण्याआधी

लिफ्ट पंधरा-वीस वेळा चालवून बॅटरी थोडी रिकामी करा, म्हणजे चार्जर पूर्ण करंट ओढेल. मग इंजिन चालू करा.

मीटरचं एक टोक घोड्याच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं लांब वायर जोडून चार्जरच्या पॉझिटिव्ह इनपुटवर. ०.७-०.८ व्होल्ट दिसले तर ठीक. तसंच निगेटिव्हचं. एका बाजूला १.५ आणि दुसरीला ०.७ असेल तर जास्त असलेल्या बाजूला कुठेतरी सैल लग किंवा खराब जोड आहे. वीस मिनिटांनी प्रत्येक लग, फ्यूज होल्डर आणि कनेक्टर हाताने चाचपा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तो जोड उघडा.

इंजिन बंद केल्यावर कनेक्टरच्या पिनांवर मीटर लावा. शून्य हवं. नंतर कट-ऑफ बंद करून बॅटरीतून झिरपणारा करंट पाहा. ३० मिलीअँपिअर किरकोळ वाटतात, पण महिनाभरात २१ एएच जातात.

माल ठेवून लिफ्ट चालवताना बॅटरीवरचं व्होल्टेज २१ च्या खाली गेलं तर बॅटरी भरलेली नाही, थकलेली आहे किंवा सिरीजचा जोड सैल आहे.

११. रात्री गोदामात चार्जिंग

२४ व्होल्ट १० अँपिअरचा, तीन टप्प्यांत चार्ज करणारा चार्जर घ्या. गॅरेजमध्ये असतो तो साधा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर रात्रभर लावून सोडू नका, बॅटरी भरली तरी तो थांबत नाही. बॅटरी ५० अंशांच्या वर तापली तर चार्जिंग बंद करा.

२३० व्होल्टचा पॉइंट अर्थिंगचा आणि ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) असावा. पावसात ट्रेलरखाली एक्स्टेन्शन बोर्ड ओढू नका. पेटीचं झाकण उघडं ठेवा, जवळ कोणी बिडी ओढू नये. चिमटे लावायचे असतील तर आधी चिमटे, मग स्विच. काढताना आधी स्विच, मग चिमटे. आणि चार्जर लावला की स्टिअरिंगला पाटी अडकवा: चार्जिंग चालू. पहाटे घाईत निघालेला ड्रायव्हर केबल, सॉकेट आणि कधी चार्जरही ओढून नेतो.

नेहमीचे बिघाड

सोलेनॉइड (बटण दाबल्यावर मोटरला करंट जोडणारा मोठा स्विच) टकटक करतो आणि मोटर फिरत नाही. बॅटरी कमी भरलेली. हे हलक्यात घेऊ नका. व्होल्टेज कमी असताना सोलेनॉइडचे संपर्क धड बंदही होत नाहीत, धड उघडेही राहत नाहीत. ठिणग्या पडतात आणि शेवटी ते एकमेकांना चिकटतात. मग बटण सोडलं तरी मोटर चालूच राहते. त्या क्षणी फक्त कट-ऑफ स्विच कामाला येतो, म्हणून तो पेटीत कुलूपबंद न ठेवता हाताशी ठेवायचा.

दोनपैकी एकच बॅटरी पुन्हापुन्हा मरते. पेटीत पाहा, कोणीतरी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून कॅमेरा किंवा पंखा जोडलेला असेल. ती बॅटरी रिकामी होत राहते, दुसरी जादा चार्ज होते. १२ व्होल्ट हवे असतील तर २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर लावा.

घोड्याची बॅटरी उतरली म्हणून ट्रेलरच्या चार्जिंग केबलवरून सेल्फ मारू नका. सेल्फला कित्येकशे अँपिअर लागतात, ही केबल ४० अँपिअरची आहे. जाड जंपर केबलच वापरा.

लग हिरवे पडतात. न्हावा शेवा, उरण या भागात खारी हवा आणि चार महिने पाऊस, तिथे हे महिन्याभरात दिसतं. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून धुवा, कोरडं करा, पुन्हा आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आवळल्यानंतर लावायची, आधी नाही.

पाण्याच्या बॅटरीत पाणी चार्ज झाल्यावर घाला, फक्त डिस्टिल्ड. आधी घातलं तर चार्ज होताना पातळी चढते आणि अ‍ॅसिड बाहेर येतं. अ‍ॅसिड डोळ्यांत उडालं तर निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

घोड्याशिवाय ट्रेलर आठवडे यार्डात उभा राहणार असेल तर कट-ऑफ बंद करा. तरीही बॅटरी स्वतःहून उतरत असते, आणि उन्हाळ्यात जास्त वेगाने. महिन्यातून एकदा मोजा, संचाचं व्होल्टेज २४.८ च्या खाली जायच्या आत भरून घ्या.

बदलायची वेळ आली की दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदला. जुन्या बॅटऱ्या टर्मिनलवर टेप लावून, उभ्याच ठेवून नव्या घेता त्याच दुकानदाराला द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या अधिकृत रीसायकलरकडेच जायला हव्यात, भंगारवाल्याच्या हातगाडीवर देऊ नका.